परक्या देहातले बिऱ्हाड

आपल्याकडील जुन्या घरांच्या भिंतींत, चौकटींच्या कोपऱ्यांत किंवा वर्षानुवर्षे जागची न हललेल्या तसबिरीमागे कुंभारीण आपले मातीचे इवलेसे घर बांधते, कोठून तरी धरून आणलेली हिरवी अळी त्यात ठेवते, वर मातीचे झाकण लिंपते आणि निघून जाते. आणि काही दिवसांनी ते झाकण फोडून जी बाहेर पडते ती अळी नसते, तर कुंभारीणच असते. हा प्रकार आपल्या पूर्वजांनी पाहिला होता, आणि तो मोठ्या बारकाईने पाहिला होता. त्यावरूनच भृंगकीटकन्याय निघाला : भयाने का होईना, पण ज्याचे अखंड चिंतन घडते त्याच्याशी चिंतन करणारा तद्रूप होतो. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला जे चोवीस गुरू सांगितले त्यांत या कुंभारणीला स्थान आहे, आणि नाथमहाराजांनी त्या स्कंधावर प्राकृतात टीका लिहिल्यापासून हा दृष्टान्त पोथीच्या आणि कीर्तनाच्या वाटेने मराठी घराघरांत पोचला. मीही तो प्रथम ऐकला तो आमच्या ओसरीवर, आजोबांच्या तोंडून, आणि ऐकताक्षणी समोरच्या खांबावरील मातीच्या ढेपळाकडे अशा काही भक्तिभावाने पाहू लागलो की तो भाव इतक्या वर्षांनंतरही पुरता ओसरलेला नाही.

पुढे शाळेत कळले ते वेगळे. कुंभारीण अळीला नांगी मारून निश्चेष्ट करते, तिच्याजवळ आपले अंडे घालते, अंड्यातून निघालेले पोर त्या जिवंत अळीवर पोसले जाते, आणि बाहेर पडते ते तेच. म्हणजे पाहणे खरे होते, अन्वयार्थ तेवढा चुकला होता. पण ज्यांनी तो दृष्टान्त रचला त्यांच्याविषयीचा माझा आदर या ज्ञानाने उणावला नाही. एका प्राण्याच्या देहातून दुसराच प्राणी प्रकट होतो, ही गोष्ट ज्यांना थांबून विचार करण्याजोगी वाटली ते निसर्गाचे खरे वाचक होते. त्यांच्यापाशी भिंग नव्हते, एवढेच.

प्रस्तुत पुस्तकाचा विषय या दृष्टान्ताच्या नेमका उलट्या बाजूला उभा आहे. येथे गांधीलमाशी खाणारी नाही. ती घर आहे. तिच्या उदरात एक परका कीटक मुक्काम करून राहतो, तिच्या रक्तरसावर वाढतो, आणि तो वाढत असता ती माशी मरत नाही, उडते, फुलांवर जाते, ऊन खाते, क्वचित आपल्या निरोगी बहिणींहून अधिक जगते. मात्र ती ज्यासाठी जन्मली ते काम करीनाशी होते. अळीची माशी होते हे जुन्या न्यायातले रूपान्तर प्रत्यक्षात घडत नव्हते. माशीचे शरीर माशीचेच राहून तिचे वर्तन दुसऱ्या कोणाच्या तरी सोयीचे होते, हे रूपान्तर मात्र टस्कनीच्या टेकड्यांवर दर उन्हाळ्यात घडत असते, आणि ते घडवणारा कीटक शास्त्रज्ञांना दोनशेहून अधिक वर्षे ठाऊक आहे. या कीटकाचे शास्त्रीय नाव झेनॉस वेस्पॅरम. झेनॉस या ग्रीक शब्दाचा अर्थ परका आणि पाहुणा असा दुहेरी आहे. एका प्राचीन भाषेने हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदवले, ही गोष्ट या विषयाच्या वाचकाने मनाशी बाळगावी.

आधी यजमानाची ओळख करून देणे प्राप्त आहे. पॉलिस्टिस डॉमिन्युला ही युरोपातील कागदी पोळे बांधणारी गांधीलमाशी. आपल्या वळचणीला देठाने लोंबणारी, वर आवरण नसलेली, राखी कागदाच्या उघड्या घरांची जी पोळी असतात त्याच धर्तीचे तिचे पोळे. वसंतात एक राणी, किंवा दोन-चार राण्या मिळून, जुन्या लाकडाचे तंतू खरवडतात, ते लाळेत मळतात आणि पोळ्याचा आरंभ करतात. उन्हाळ्याच्या प्रारंभी पहिल्या कामकरी मुली बाहेर येतात. त्या घर वाढवतात, अळ्या मारून आणतात, धाकट्या भावंडांना भरवतात. उन्हाळा सरताना नर आणि पुढल्या वर्षीच्या राण्या निपजतात, जुने घर उजाड होते, आणि भावी राण्या एखाद्या फटीत दाटीवाटीने थंडी काढतात. या समाजात कोणाची काय पायरी याचा तपशील लेओ पार्दी या इटालियन प्राणिशास्त्रज्ञांनी १९४० नंतरच्या दशकात लावून दिला. पोळ्यावरच्या माद्या परस्परांना दटावून आपापला अधिकार ठरवतात, वरचढ ठरलेली अंडी घालते, दबलेलीची बीजकोषग्रंथी खुरटत जाते आणि ती कामाला लागते, हे त्यांनी एकेका माशीवर खूण करून, तासन् तास पाहून सिद्ध केले. कीटकांच्या समाजातही हुकूमत आणि ताबेदारी यांची एक रीतसर वहिवाट असते ही कल्पना तेव्हा नवी होती. आपल्या देशात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. राघवेंद्र गदगकर यांनी रोपालिडिया मार्जिनाटा या दक्षिणी गांधीलमाशीच्या समाजाचा कित्येक दशके अभ्यास केला, आणि तिची राणी बहुधा कोणालाच दटावीत नाही, शांतपणे बसून असते, असे दाखवून दिले. तेव्हा सर्व पोळ्यांना एकच कायदा लागू नाही, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे. तथापि पॉलिस्टिसच्या पोळ्यात अंमल कोणाचा हा प्रश्न उघडउघड असतो, आणि म्हणूनच तेथे शिरलेल्या परक्याची कथा इतकी स्पष्ट दिसते.

हा परका पोळ्यात शिरतो तो अतिसूक्ष्म रूपाने. झेनॉसचे पहिल्या अवस्थेतील पोर मिलिमीटरच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढे असते, म्हणजे कागदावर ठेवले तर पेन्सिलीच्या टोकाचा स्पर्श झाला असावा असे वाटेल. पण त्याला डोळे आहेत, सहा पाय आहेत, आणि उडी घेण्यास उपयोगी पडणारे शेपटीचे राठ केस आहेत. त्याची आई ज्या माशीच्या पोटात आहे ती माशी पोळ्यावर येऊन बसली तर ही पोरे तेथेच उतरतात. फुलावर बसली तर फुलावर उतरतात, आणि तेथे आलेल्या दुसऱ्या एखाद्या माशीच्या अंगावर स्वार होऊन तिच्या घरी पोचतात. घरात अळ्या आपापल्या कोठड्यांत असतात. पोर अळीची त्वचा भेदून आत जाते, आणि आत गेल्यावर थोड्याच अवधीत कात टाकून पाय आणि डोळे दोन्ही सोडून देते. ज्या अवयवांच्या बळावर ते इथवर आले त्यांचे प्रयोजन संपलेले असते. येथून पुढे ते अळीच्या रसात तरंगणारे, बिनपायाचे, आंधळे, फिकट मांस होऊन राहते.

परक्या वस्तूने अंगात प्रवेश केला की देह तिच्यावर उठतो, तिला वेढून कोंडतो आणि मारतो. हा बंदोबस्त कीटकांतही आहे. मग या पोराला अळीचा देह सुखाने राहू कसा देतो? या प्रश्नाचा एक विलक्षण उलगडा ऑक्सफर्डच्या डॉ. जेयरानी कथिरितंबी आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली मांडला. न्यू गिनीतील एका टोळाच्या अंगात राहणाऱ्या, याच गणातल्या कीटकाचा अभ्यास करताना त्यांना आढळले की, आत शिरणारे पोर यजमानाच्याच त्वचेचा आतील थर आपल्याभोवती ओढून घेते, आणि त्या थराच्या पिशवीत गुंडाळलेले राहते. त्यामुळे देहाचे पहारेकरी जेव्हा त्याला चाचपतात तेव्हा त्यांच्या हाती परके काही लागत नाही, स्वतःचेच कातडे लागते. मी या विषयातील अनेक निबंध वाचले, पण या एका गोष्टीपाशी जितका थबकलो तितका दुसरीकडे कोठे थबकलो नाही. आपले आणि परके यांची सीमा कोठे आखावी, हा प्रश्न आपण तत्त्वज्ञांच्या दरबारी दाखल केला होता. तो असा एका टोळाच्या पोटात, पेशींच्या थरात, मूर्त होऊन बसलेला दिसावा याचे मला फार आश्चर्य वाटले.

अळीची कोशावस्था होते, कोशातून माशी होते, पंख फुटतात, पट्टे उमटतात. या सगळ्या उलथापालथीत आतला रहिवासी टिकून राहतो. माशी घरातून बाहेर येते ती दिसायला धडधाकट. काही दिवसांनी मात्र तिच्या उदराच्या दोन वलयांमधून, एकावर एक बसलेल्या कौलांच्या सांध्यातून डोकवावा तसा, एक तपकिरी उंचवटा वर येतो. हे त्या आतल्या प्राण्याचे डोके आणि छाती. उंचवटा गोलसर, टोपीसारखा आणि गडद असेल तर आत नर कोशावस्थेत आहे. चपटा आणि फिकट असेल तर ती मादी. एका माशीत असे दोन-तीन किंवा त्याहूनही अधिक असू शकतात. या खुणेवाचून बाहेरून काहीही कळत नाही.

पण वर्तनावरून कळते. निरोगी कामकरी माशी जन्मल्यावर घराच्या उस्तवारीला लागते. ही लागत नाही. ती अळ्यांना भरवीत नाही, कागद मळीत नाही, पोळ्यावर नुसती बसून राहते, आणि जन्मापासून सुमारे आठवड्याभरात घर सोडून निघून जाते. कोठे जाते याचा छडा फ्लॉरेन्स विद्यापीठातील लॉरा बेआनी, स्तेफानो तुरिलाझ्झी आणि त्यांच्यासह डेव्हिड ह्यूज व कथिरितंबी यांनी लावला, आणि २००४ साली तो प्रसिद्ध केला. भर उन्हाळ्यात, जेव्हा प्रत्येक पोळ्यावर कामाची झुंबड उडालेली असते आणि कोणाही कामकरणीने घराबाहेर मुक्काम ठोकण्याचे कारण नसते, तेव्हा झाडोऱ्यावर गांधीलमाश्यांचे लहान लहान घोळके निश्चल बसलेले आढळतात. आणि त्या घोळक्यांतील जवळजवळ प्रत्येक माशीच्या पोटात झेनॉस असतो. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या या माश्या एकाच ठिकाणी का जमाव्यात? त्यांचे स्वतःचे तेथे काहीच काम नाही. काम आहे ते त्यांच्या आत राहणाऱ्यांचे. झेनॉसच्या नराला मादी गाठायची असते, मादी माशीच्या पोटातून हलू शकत नाही, आणि नराचे आयुष्य काही तासांचे असते. तेव्हा नर-माद्यांची घरेच एके ठिकाणी येऊन बसली नाहीत तर हे कुळ एका पिढीत खुंटेल. यांपैकी बेआनींनी दुसऱ्या सहकाऱ्यांसह पुढे २०१८ मध्ये असेही दाखवले की, झेनॉसग्रस्त माश्या लालसर नारिंगी कर्ण्यांसारख्या फुलांच्या एका विशिष्ट वेलीकडे, कँप्सिस रॅडिकन्सकडे, विशेष ओढल्या जातात. ज्या माशीचा देह पोळ्याला बांधलेला असायला हवा, तिचे पाय असे अचूक भलत्याच ठिकाणी वळतात.

येथे मी वाचकाला थोडे थांबण्याची विनंती करतो. या पुस्तकाचा जो एकमेव आग्रह आहे तो याच ठिकाणी उभा राहतो. या माशीचे वर्तन बिघडले आहे असे म्हणणे सोपे आहे. पण ते बिघडलेले नाही, बदललेले आहे, आणि जे बदलले आहे तेही गांधीलमाशीच्या वर्तनाच्या बाहेरचे नाही. घर सोडणे, काम न करणे, इतर माद्यांसह घोळक्याने बसणे, अंगात चरबी साठवणे, ही सर्व लक्षणे निरोगी पोळ्यात एका वर्गाची असतातच. ती भावी राण्यांची. हिवाळ्याच्या तोंडाशी राणी होणारी माशी नेमके असेच करते. झेनॉसने कामकरणीच्या पिंडात सुप्त असलेले भावी राणीचे वर्तन अवेळी जागे केले आहे, आणि माशीच्या मेंदूतील जनुकांच्या हालचाली तपासल्यावरही याच दिशेची साक्ष मिळाली आहे. मात्र हे राणीपण पोकळ आहे. तिची बीजकोषग्रंथी खुरटलेली असते, ती कधीही अंडे घालणार नाही. पार्दींनी पाहिलेल्या दटावणीने मादीचे प्रजनन थांबते, आणि झेनॉसनेही ते थांबते; पण पहिल्या प्रकारात तिचे श्रम बहिणीच्या लेकरांना मिळतात, दुसऱ्यात परक्याच्या. जमीन तीच, नांगरणारे बैल तेच, फक्त सातबारावरचे नाव फिरले.

नराच्या आयुष्याविषयी लिहिताना हात आखडता घेणे मला जमलेले नाही, आणि पुस्तकातील सर्वांत मोठे प्रकरण त्याच्यावर खर्ची पडले आहे. कोशाची टोपी ढकलून तो बाहेर येतो तेव्हा त्याला खाण्यासाठी वेळ नसतो, आणि त्याची तशी गरजही नसते. शिंगे फाटे फुटलेली, मादीच्या गंधाचा माग काढण्यासाठी. मागचे पंख पंख्यासारखे पसरट. पुढचे पंख आटून लहानशा मुग्दलांसारखे झालेले, जे उडताना तोल सांभाळतात. माशी आणि डास यांच्या मागच्या पंखांचे जे झाले तेच या कीटकात पुढच्या पंखांचे झाले आहे. आणि डोळे! इतर कीटकांचा डोळा शेकडो-हजारो बारीक भिंगांचा असतो आणि प्रत्येक भिंग दृश्याचा एकेक ठिपका तेवढा टिपते. अमेरिकेतील झेनॉस पेकाय या भावंड-जातीच्या नराच्या डोळ्यात सुमारे पन्नासच भिंगे असतात, पण ती मोठी, एकमेकांपासून सुटी, रानातल्या तुतीच्या फळासारखी. आणि प्रत्येक भिंगामागे स्वतंत्र दृष्टिपटल असते. म्हणजे प्रत्येक भिंग ठिपका टिपत नाही, चित्राचा एक तुकडाच टिपते. १९९९ साली बुशबेक, एमर आणि हॉय यांनी हे सिद्ध केले. काही तासांच्या आयुष्यासाठी निसर्गाने घडवलेली ही दृष्टी, आणि तिच्यासमोर दिसायचे काय, तर माशीच्या दोन वलयांमधून डोकावणारे एक तपकिरी टोक.

त्या टोकामागे जी मादी आहे तिला डोळे नाहीत, पंख नाहीत, पाय नाहीत, शिंगे नाहीत. प्रौढ होऊनही ती अळीच्याच रूपात राहते आणि ज्या माशीत शिरली तिच्या बाहेर आयुष्यभर पडत नाही. नर त्या टोकापाशी येऊन तिला फळवतो. अंडी तिच्या पोटातच उबवली जातात, आणि हजारोंच्या संख्येने ती सजीव पोरे पुढे याच वाटेने बाहेर पडतात. ज्या माशीच्या पोटातून नर निघून जातो ती उघड्या भोकासह फार दिवस तगत नाही. पण जिच्यात मादी आहे ती तगते. साधी कामकरीण उन्हाळ्याअखेर संपते. ही हिवाळा काढते, भावी राण्यांच्या शेजारी त्याच फटीत निजते, आणि वसंतात उशिरा उठते. ती पोळे बांधायला घेत नाही, कारण बांधायचे तिला काहीच नाही. ती फुलाफुलावर आणि दुसऱ्यांच्या नव्या पोळ्यांवर फिरते, आणि फिरता फिरता आतली पोरे उतरवत जाते. त्या फिरण्यात झेनॉसचे वर्ष पुरे होते.

शोधाच्या इतिहासाला मी एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. त्यातील दोन व्यक्तींचा परिचय येथेच करून देतो. पहिले पीसाचे प्राध्यापक पिएत्रो रॉस्सी. विद्यापीठात दीर्घकाळ तर्कशास्त्र शिकवणाऱ्या या गृहस्थांनी टस्कनीतील कीटकांची नोंद घेणारा फाउना एत्रुस्का हा ग्रंथ १७९० साली लिहिला, आणि १७९३ मध्ये गांधीलमाशीच्या पोटातील या प्राण्याला झेनॉस हे नाव दिले. तो कोणत्या गणाचा हे मात्र त्यांना उमगले नाही. इतर कीटकांच्या देहांत वाढणाऱ्या माश्यांजवळ त्यांनी त्याला बसवले. १८०१ साली त्यांच्यासाठी पीसात जे अध्यासन निर्माण झाले ते कीटकशास्त्राचे जगातील पहिले अध्यासन मानले जाते. दुसरे विल्यम कर्बी, सफकमधील बारहॅम या खेड्याचे धर्मोपदेशक. तेथल्या चर्चमध्ये त्यांनी अडुसष्ट वर्षे सेवा केली आणि इंग्लंडमधील मधमाश्यांवर १८०२ साली ग्रंथ लिहिला. एका रानमाशीच्या उदरावर त्यांना एक लहानसा उंचवटा दिसला. गोचिडीच्या जातीचा काही जीव चिकटला असावा असे समजून त्यांनी तो टाचणीने सोडवायला घेतला, तो त्यामागून एक लांबट, मऊ, पांढरे शरीर ओढले जाऊन बाहेर आले. त्यांना जो विस्मय वाटला तो त्यांनी मोकळ्या मनाने लिहून ठेवला आहे. त्यांनी या प्राण्याला स्टायलोप्स म्हटले, आणि १८१३ मध्ये अशा सर्व कीटकांसाठी स्ट्रेप्सिप्टेरा, म्हणजे पिळलेल्या पंखांचे, हा नवा गण स्थापला. १८३३ साली लंडनमध्ये कीटकशास्त्रज्ञांची संस्था निघाली तेव्हा कर्बींच्या सन्मानार्थ तिने स्टायलोप्सलाच आपल्या मुद्रेवर घेतले. सृष्टीतील प्रत्येक जीवात ईश्वरी शहाणपण शोधणारा हा माणूस, आणि परजीवी माश्यांची क्रूर रीत पाहून दयाळू ईश्वराने त्या मुद्दाम निर्माण केल्या असतील असे आपल्याला पटत नाही, असे १८६० मध्ये मित्राला लिहिणारे डार्विन, या दोघांच्या मधल्या अर्ध्या शतकात युरोपचे मन किती हलले, ते या कीटकांच्या निमित्ताने मापता येते.

या गणाचे गोत्र कोणते, हा तंटा कर्बींच्या नंतरही जवळजवळ दोनशे वर्षे निकालात निघाला नाही. कोणी त्यांना भुंगेऱ्यांचे आप्त म्हणत. मुग्दलासारख्या पंखांवरून विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात काहींनी त्यांना माश्यांच्या बाजूला नेले, आणि त्यावर शास्त्रज्ञांत कडाक्याचा वाद झाला. २०१२ साली या गणातील एका कीटकाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला आणि कौल भुंगेऱ्यांच्या बाजूने पडला : ते भुंगेऱ्यांचे सर्वांत जवळचे भाऊबंद ठरले. भाऊबंद, पण वाटणी फार जुनी. म्यानमारच्या सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या राळेत अडकलेला एक नर सापडला आहे, आणि तो आजच्या नरांचा पूर्वज शोभेल असाच आहे.

आज या गणाच्या सुमारे सहाशे जाती ज्ञात आहेत. त्यांतील मेंगेनिला कुळातल्या माद्या अजूनही यजमानाला सोडून बाहेर येतात, त्यांना पाय आणि डोळे असतात. त्यांच्याकडे पाहिले की झेनॉसच्या मादीने काय काय सोडले याचा हिशेब मांडता येतो. दुसऱ्या एका कुळात तर नर मुंग्यांत वाढतात आणि माद्या नाकतोड्यांत, रातकिड्यांत किंवा खंडोबाच्या किड्यांत. एकाच जातीची दोन लिंगे अशी दोन वेगळ्या यजमानांत असल्याने जोडी जुळवणे शास्त्रज्ञांना शक्यच नव्हते, आणि अशा एका जातीचा नर सापडल्यानंतर त्याची मादी कोणती हे निश्चित व्हायला ९४ वर्षे लागली. ते शेवटी डीएनएच्या साक्षीनेच झाले. न्यू गिनीतील तेलमाडांची नासाडी करणाऱ्या टोळांविरुद्ध या गणातील एका कीटकाचा उपयोग करून पाहिला गेला, हा व्यावहारिक उल्लेख मी केवळ पूर्णतेसाठी करतो. उपयोग नसता तरी हे पुस्तक लिहिले असते.

परिभाषेविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. मराठीत परोपजीवी हा शब्द रूढ आहे, आणि बोलीत बांडगूळ हा त्याहून बळकट शब्द आहे. पण आंब्यावरचे बांडगूळ दुरून हिरवेगार दिसते, ते पाणी झाडाचे घेते आणि आपले अन्न उन्हात स्वतःच शिजवते. झेनॉसच्या मादीपाशी उन्हाचाही हिस्सा नाही. शिवाय समाजात बांडगूळ म्हणताच शिवी ऐकू येते, आणि शिवी डोक्यात असताना निरीक्षण नीट होत नाही. या कारणाने मी या पुस्तकात आश्रयी आणि यजमान हे दोन शब्द सर्वत्र वापरले आहेत. तद्वतच, झेनॉस माशीला फसवतो, तिच्यावर कारस्थान करतो, तिचे अपहरण करतो, अशी वाक्ये मी हेतुपुरस्सर टाळली. बिनडोळ्यांच्या, बिनपायाच्या या प्राण्याला कारस्थान सुचत नाही. तो जेथे आहे तेथे रस शोषतो, काही द्रव्ये सोडतो. आणि ज्या पूर्वजांच्या द्रव्यांनी माशीची पावले घोळक्याकडे वळली, त्यांचीच पोरे पुढच्या वसंतात पोचली. हे एवढेच सांगून भागते, आणि हे एवढे सांगणे कारस्थानाच्या कथेहून मला अधिक गंभीर वाटते.

आणखी एक निवेदन. या विषयाशी माझी गाठ पडली ती ग्रंथांतून नव्हे. एका स्नेह्याने इटलीहून परतताना कीटकांची एक लहान पेटी आणली होती. तिच्यात आठ-दहा गांधीलमाश्या टाचणीवर लावलेल्या होत्या. त्यांना ओळ लावून ठेवण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. भिंगाखाली एकीच्या उदराचे तिसरे आणि चौथे वलय यांच्या मधोमध मला एक चपटा तपकिरी डाग दिसला. मला वाटले घाण आहे, म्हणून ओला कुंचला फिरवला; डाग हलला नाही. दुसऱ्यांदा फिरवला, आणि मग कडेला दोन बारीक जबडे दिसले. टाचणीखालच्या चिठ्ठीवर माशीचे नाव, स्थळ आणि तारीख सुवाच्य अक्षरांत होती, बाकी काही नव्हते. ज्या कोणी ती माशी पकडली, वाळवली आणि नोंदवली, त्यांच्या हातून एकाऐवजी दोन प्राणी गेले होते आणि एकच नोंदवला गेला होता. कर्बींनी ज्याला गोचीड समजून टाचणी लावली, आणि मी ज्याला घाण समजून कुंचला लावला, त्या दोन चुकांमध्ये दोनशे वर्षांचे अंतर होते.

पुढे सहा महिने मी मिळेल ते वाचले, जाणकारांना पत्रे लिहिली, आणि त्यांच्या उत्तरांतून हे पुस्तक हळूहळू आकाराला आले. हस्तलिखित पुरे झाल्याच्या दिवशी ती पेटी पुन्हा उघडली, जुनी चिठ्ठी तशीच ठेवून तिच्याखाली त्याच टाचणीत एक दुसरी चिठ्ठी ओवली, आणि तिच्यावर शाईने लिहिले : झेनॉस, मादी, एक.